लाख अंड्यांतून पन्नास कोई

पहाटे तळ्यात धिंगाणा झालेला असतो. काठाला फेस, पाण्याला हिवस वास, एखाद्या मादीचे खवले निघालेले, आणि पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटलेले जेमतेम दोन मिलिमीटरचे पारदर्शक दाणे. कोईंनी, म्हणजे शोभेच्या रंगीत कार्प माशांनी, अंडी घातलीत हे कळायला एवढं पुरे. पाणी १८-२० अंश सेल्सियसच्या वर गेलं की हे आपोआप होतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. करायचं ते यानंतर, आणि लगेच. अंडी घालून झाली की तेच मासे ती खायला लागतात, जन्मदाते धरून.

किलोभर वजनाची मादी साधारण लाखभर अंडी घालते. आकडा ऐकून माणूस हुरळतो आणि घरच्या तळ्याचं गणित तिथेच फसतं. माझा हिशेब असा: हजार लिटर पाण्यामागे तीन-चार सेंटिमीटरची फार तर पन्नास पिल्लं, तीच दहा सेंटिमीटरची झाली की दहा-बारा, आणि पूर्ण वाढलेला मासा एखादाच. पिल्लं रोगाने मरतात असा समज आहे. रोगाने मरणारी थोडीच. बरीचशी पहिल्या आठवड्यात उपाशी मरतात आणि उरलेल्यांतली बरीच चौथ्या-पाचव्या आठवड्यात गर्दीने. म्हणून पन्नास हवी असतील तर दोन-तीन हजार अंडी उचला, म्हणजे अंडी चिकटलेल्या वनस्पतीची एक जुडी किंवा वीतभर उसवलेला नायलॉनचा दोर. बाकीची तळ्यातच राहू द्या, मोठे मासे त्यांचा समाचार घेतात. त्याच दिवशी मोठ्या तळ्याचं पाव हिस्सा पाणीही बदला. नरांचं वीर्य आणि फुटलेली अंडी यांनी पाणी चटकन नासतं.

अंडी आणि पहिले तीन दिवस

अंड्यांसाठी ३०० ते ५०० लिटरचं टाकं, खोली ४०-५० सेंटिमीटर, पाणी तळ्यातलंच. तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको. थेट ऊन नको. हवेचा दगड अंड्यांच्या बाजूला ठेवा, अगदी खाली नको. पाणी हललं पाहिजे, अंडी झोडपली जाता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी निवड आपोआप दिसते. फळलेली अंडी काचेसारखी राहतात आणि त्यांत दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे, उमटू लागतात. न फळलेली दुधासारखी पांढरी होतात आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते. ही बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही गिळते, म्हणून पांढऱ्यांचे पुंजके चिमट्याने काढून टाका. मिथिलीन ब्लू वापरायचं तर हजार लिटरला १ ते २ ग्रॅम, म्हणजे ३०० लिटरच्या टाक्याला ०.३ ते ०.६ ग्रॅम. पण त्याने फिल्टरमधले, पाणी साफ ठेवणारे जिवाणूही मरतात. त्यामुळे औषध असेपर्यंत मुरलेला (म्हणजे असे जिवाणू बसलेला) फिल्टरचा स्पंज त्या टाक्यात ठेवू नका, पिल्लं फुटल्यावर निळं पाणी बदलून मगच सोडा.

पाणी २०-२२ अंशांवर असेल तर साधारण चार दिवसांत, २५ च्या आसपास तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पाच-सहा मिलिमीटरची काचेची सुई, तिला दोन डोळे, इतकंच. डोक्यावरच्या चिकट ग्रंथीने ती टाक्याच्या भिंतीला, दोराला, जिथे जागा मिळेल तिथे लटकलेली असतात आणि मेल्यासारखी दिसतात. मेलेली नसतात. पोटाखाली बलकाची पिशवी असते, तिच्यावर दोन-तीन दिवस निघतात. या काळात खाऊ घालणं म्हणजे पाणी नासवणं.

मग एक महत्त्वाची घडी येते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पिल्लू भिंत सोडून वर येतं, पृष्ठभागावर हवेचा एक घोट घेतं आणि त्याने वाताशय भरतो. तो भरला की ते आडवं, सरळ पोहू लागतं. पृष्ठभागावर तेलकट साय असेल तर हा घोट घेता येत नाही आणि ते पिल्लू तळाशी पोट घासत राहतं, पुढे सुधारत नाही. साय काढायला फिल्टर लागत नाही. साधा टिपकागद पाण्यावर अलगद पसरा आणि एका टोकाने उचला, दोन-तीन वेळा. हवेचे बुडबुडे मंद पण सतत चालू राहिले तर साय धरतच नाही.

पहिला घास

पिल्लं आडवी पोहू लागली की घड्याळ सुरू झालं. बलक संपलेला असतो आणि दोन-तीन दिवसांत तोंडात मावेल असं काही मिळालं नाही तर ती इतकी खंगतात की नंतर समोर खाद्य आलं तरी खात नाहीत. तोंड लहान, नजर जवळची, आणि खाद्य हललं तरच लक्षात येतं. बारीक पूड टाकून मोकळं झालं की बरीचशी पूड तळाशी जाते आणि पिल्लं तिच्यावर पोहत उपाशी राहतात.

सगळ्यात खात्रीचं खाद्य म्हणजे ताजी फुटलेली आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. कृती अशी: दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली. त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, २ ग्रॅम आर्टेमियाची अंडी. तळापर्यंत जाणारी हवेची नळी जोरात चालू, कारण अंडी खाली बसली तर फुटत नाहीत. तापमान २६ ते २८ अंश आणि वर दिवा. चोवीस तासांत पाणी नारिंगी दिसू लागतं. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी बुडाशी बसतात, आणि मधे, उजेडाकडे खेचलेला नारिंगी ढग म्हणजे खाद्य. बुचाजवळ टॉर्च धरली की तो खाली येतो. पहिला चमचाभर गाळ फेकून द्या, मग नळीने ढग मलमलीत उतरवा, गोड्या पाण्याने धुवा आणि टाक्यात सोडा. टरफलं गेली तर ती पिल्लांच्या आतड्यात अडकतात, म्हणून हे वेगळं करणं टाळू नये.

आर्टेमिया गोड्या पाण्यात चार-सहा तास जगते, नंतर मरून अमोनिया करते. शिवाय फुटल्यानंतर जसजसा वेळ जाईल तसा तिच्यातला पोषक साठा संपत जातो. एक मोठी बाटली लावण्यापेक्षा बारा तासांच्या अंतराने दोन लहान बाटल्या लावणं म्हणूनच बरं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. पुरलं की नाही हे कळायला वजनकाटा नको: खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी बाजूने टॉर्च मारा. पिल्लाचं अंग अजून पारदर्शकच असतं, त्यामुळे भरलेलं पोट नारिंगी थेंबासारखं झळकतं. दहातल्या आठांची पोटं नारिंगी नसतील तर खाद्य कमी पडतंय किंवा पिल्लं फार आहेत.

उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना उपाय आहे आणि अडीनडीला चालतो. वाटाण्याएवढा तुकडा मलमलीत बांधून कपभर पाण्यात पिळायचा आणि ते दूध थेंबाथेंबाने सोडायचं. पण याने पाणी ज्या वेगाने बिघडतं ते पाहता दोन दिवसांपलीकडे मी कुणाला सुचवणार नाही. हिरवं पाणी त्याहून चांगलं: शेवाळाने हिरवं झालेल्या टाक्यात सूक्ष्म जीव भरपूर असतात आणि दोन खाण्यांच्या मधल्या वेळी पिल्लं त्यांवर चरतात. मोइना किंवा डॅफ्निया (बारीक पाणपिसवा) वाढवता येत असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून तीही द्या.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून आर्टेमियाच्या आधी चिमूटभर पूड द्यायला लागा, ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेली आणि पिठासारखी बारीक. भुकेल्या पोटी ती चव शिकतात. तीन आठवड्यांनी आर्टेमिया बंद केली तरी चालते. एक गोष्ट इथे कायम लक्षात ठेवावी: कोईला जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न थेट आतड्यात जातं, साठवायला जागा नाही. दिवसातून एकदा भरपूर घातलेलं अर्धवट पचून बाहेर पडतं. तेच खाद्य पाच वेळा वाटून दिलं तर मासा वाढतो आणि पाणी टिकतं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच एका वेळी.

पाणी

आता खरं काम. खाद्य वाढलं की कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया वाढतो आणि लहान टाक्यात त्याला जायला जागा नसते. नव्या फिल्टरमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढा वेळ पिल्लांकडे नाही. त्यामुळे स्पंज फिल्टर अंडी दिसण्याआधीपासून मोठ्या तळ्यात पडू द्यावा. तो मुरलेला स्पंज उचलून पिल्लांच्या टाक्यात लावला की काम पहिल्या दिवसापासून चालू. स्पंज धुवायचा तो तळ्याच्याच पाण्यात पिळून. नळाखाली धरला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि तीन दिवसांनी पिल्लं. पाणी खेचणारा कुठलाही पंप टाक्यात नको, पिल्लू त्याच्या ओढीतून सुटत नाही.

अमोनियाची चाचणी रोज. किट जो आकडा दाखवतो तो एकूण अमोनियाचा. त्यातला विषारी भाग किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूणाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के आणि पीएच ९ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. हिरव्या पाण्यात हा प्रश्न गंभीर होतो. दिवसभर शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं, दुपारनंतर पीएच चढतो, आणि सकाळी निरुपद्रवी असलेला तोच अमोनिया चार वाजता पिल्लं मारतो. म्हणून चाचणी सकाळी करून निर्धास्त होऊ नये, ती दुपारी उशिरा करावी.

याच पाण्याची दुसरी बाजू पहाटे दिसते. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. उजाडताना पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. पिल्लं पृष्ठभागाशी तोंडं लावून उभी दिसली आणि ऊन आल्यावर खाली गेली, तर रोग शोधत बसू नका, हवा वाढवा. प्राणवायू लिटरला ६ मिलिग्रॅमच्या वर हवा. २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. उन्हाळ्यात हाताशी किती कमी उरतं ते यावरून कळेल. एअर पंप रात्री आवाज करतो म्हणून बंद करणारे लोक आहेत. नेमका रात्रीच तो लागतो.

पाणी बदलणं: लहान टाक्यात रोज पाचवा हिस्सा, म्हणजे ३०० लिटरमधलं ६० लिटर. उपसणाऱ्या नळीच्या तोंडाला मलमल बांधा आणि उपसलेलं पाणी पांढऱ्या बादलीत काढा, कारण दोन-चार पिल्लं तरीही त्यात निघतातच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्यावर हवा देत दिवसभर ठेवलं तर उडून जातं, क्लोरामाइन मात्र उडत नाही. सोडियम थायोसल्फेट वापरायचं तर क्लोरीनच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे ७ मिलिग्रॅम लागतं. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम खडे विरघळवून ठेवा. क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर ६० लिटरला त्यातले ५ मिली पुरतात. क्लोरामाइन असेल तर थायोसल्फेट त्यातलं क्लोरीन काढतं आणि अमोनिया मागे राहतो, तो फिल्टरने खायचा. आणि पाइप तळ्यात सोडून दुसरं काम करायला जाऊ नका. विसरलेल्या नळाने जेवढी तळी रिकामी केली असतील तेवढी कुठल्याही साथीने केली नसतील.

फिल्टरचे जिवाणू अमोनिया खाताना पाण्याची अल्कलिनिटीही, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवायची ताकद, खातात. ती लिटरला ८० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. हजार लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की ती सुमारे १८ मिलिग्रॅमने वाढते. एका दिवसात याहून जास्त चढवू नका. नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं जे बनवतात ते) दिसू लागलं तर कल्ले तपकिरी पडतात, कारण रक्त प्राणवायू धरत नाही. तेव्हा हजार लिटरला १ किलो मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. पाणी बदलणं त्याने टळत नाही, पण दम मिळतो.

हापा

तीन आठवड्यांनंतर परसातल्या तळ्यासाठी मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो हापा, म्हणजे मोठ्या तळ्यातच चार काठ्यांवर टांगलेला जाळीचा पिंजरा. मोठं पाणी, मुरलेला फिल्टर, मोठ्या माशांपासून आड. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल, जाळीची वीण दीड-दोन मिलिमीटर. त्यातली ४५ सेंटिमीटर पाण्यात, उरलेली वर, नाहीतर पिल्लं उडी मारतात. दर दोन दिवसांनी बाहेरून ब्रश फिरवा. शेवाळाने वीण बुजली की आत पाणी खेळत नाही आणि तळं ठणठणीत असताना हाप्यातली पिल्लं गुदमरतात. झाकणालाही जाळी. खंड्या आणि बगळा यांना एकदा जागा सापडली की ते रोज त्याच वेळेला येतात.

वेगळं टाकं वापरत असाल तर पक्ष्यांपेक्षा पाणकिड्यांची भीती जास्त. चतुराची अळी आणि पाणभुंग्याची अळी रात्रभरात स्वतःएवढ्या आकाराची पिल्लं संपवतात, आणि पिल्लं मेलेली दिसत नाहीत, फक्त कमी होत जातात. टाकं महिनाभर आधी भरून ठेवलं तर या अळ्या त्यात आधीच मोठ्या झालेल्या असतात. ते चार-पाच दिवस आधी भरा. वनस्पती टाकायच्या तर पांढऱ्या ताटात झटकून मग टाका. धाग्यासारखं शेवाळही काढत राहा, पिल्लं त्यात गुंतून मरतात.

निवड

हा भाग कुणालाच आवडत नाही आणि तो टाळणाऱ्याची पिल्लं वाढत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी काही पिल्लं इतरांच्या दुप्पट दिसू लागतात. जपानी लोक त्यांना तोबी म्हणतात. ती भावंडांना खातात, म्हणून आधी त्यांना वेगळं करा. मग पांढऱ्या भांड्यात वीस-वीस पिल्लं घेऊन वरून पाहा: कणा वाकडा, जबडा आखूड, कल्ल्याचं झाकण अपुरं, शेपूट एका बाजूला, ही बाजूला. रंग पाहायची घाई करू नये. त्याला अपवाद शोवाचा, म्हणजे काळ्यावर लाल-पांढऱ्या कोईंचा: त्यांची पिल्लं फुटल्यावर काही दिवसांतच काळी आणि फिकट अशी वेगळी दिसतात आणि पाळणारे काळीच ठेवतात. कोहाकूचा (पांढऱ्यावर लाल कोईंचा) नमुना वाचता येण्याआधी काही आठवडे जावे लागतात, तेव्हा पूर्ण पांढरी आणि पूर्ण लाल काढली जातात. जपानमधल्या निगाताच्या डोंगरांतले कोई पाळणारेही प्रत्येक वेताची अशीच अनेकदा चाळण करतात. घरच्या तळ्यात कुणी कुणाशीही जुळलेलं असतं, त्यामुळे बरीच पिल्लं साध्या कार्पसारखी तपकिरी निघाली तर बिघडलं काही नाही.

काढलेली पिल्लं नदीत किंवा तलावात सोडायची नाहीत, कितीही दया आली तरी. कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, वनस्पती उखडतो. आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या) सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तो उगाच नाही. निरोगी असतील तर तळं असलेल्या कुणाला द्या. व्यंग असलेल्यांसाठी लवंगतेल: लिटरला ०.४ मिली, आधी बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोरात हलवून दुधाळ करून, कारण तेल नुसतं ओतलं तर वरच तरंगतं. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटं तसंच ठेवा.

अंग घासू लागली तर

पिल्लं भिंतीला अंग घासतात, पर मिटून घेतात, एका कोपऱ्यात थिजून राहतात: आधी अमोनिया, नायट्राइट, पीएच मोजा. पाणी ठीक असेल तरच परजीवी. सूक्ष्मदर्शकाखाली अंगावरचा चिकट थर पाहता आला तर उत्तमच. नसेल तर मीठ ०.३ टक्के, म्हणजे हजार लिटरला ३ किलो, तीन भाग करून दोन दिवसांत विरघळवून घाला. टाक्यात झिओलाइट असेल तर आधी बाहेर काढा, मीठ लागताच ते शोषलेला अमोनिया परत सोडतं. वनस्पतीही काढा. फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेट या वयात नको, मात्रा किंचित चुकली तरी कल्ले भाजतात.

बाहेरून आणलेली पिल्लं या पिल्लांत मिसळायची असतील तर तीन-चार आठवडे वेगळ्या टाक्यात, वेगळ्या जाळ्यासह. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग मासा जाळ्याने उचला, पिशवीतलं पाणी टाकून द्या. कोई हर्पिस विषाणू १८ ते २८ अंशांच्या पट्ट्यात डोकं वर काढतो आणि त्यावर औषध नाही. त्यामुळे वेगळं ठेवण्याचा काळ थंड पाण्यात काढला तर तो फुकट जातो.

उशिरा अंडी घातलेल्या वर्षी पाच-सहा सेंटिमीटरच्या आतली पिल्लं थंडीत सापडतात. त्यांच्या अंगात चरबी नसते. त्यांना आत घ्या किंवा पाणी १५ अंशांच्या वर ठेवा. १० अंशांच्या खाली कुठल्याच कोईला खाऊ घालू नये, आतडं काम करत नाही.

बोटुकली दहा-बारा सेंटिमीटरची झाली, म्हणजे मोठ्या माशाच्या तोंडात मावेनाशी झाली, की हाप्याची एक बाजू पाण्याखाली वाकवा आणि त्यांना त्यांच्या मनाने बाहेर पडू द्या. त्याआधी मोठ्यांना तळ्याच्या दुसऱ्या टोकाला भरपेट खाऊ घाला. पहिले काही दिवस बारीक दाणे हाप्याच्या जागीच टाकत राहा, पिल्लं तिथेच परत येतात. आणि सोडण्याच्या आदल्या दिवशी स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाला आणि तळाच्या निचऱ्याला जाळी बसवा. नाहीतर सकाळी मोजणीत चार कमी भरतात आणि आठवड्याने ती फिल्टरच्या पहिल्या कप्प्यात सापडतात, बहुधा जिवंत आणि बाहेरच्यांपेक्षा गुबगुबीत.